शिनचॅन ओळखला, केशवसुत ओळखले नाहीत. मग सिद्ध काय झालं?

पेट सुटली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिससाठी विषय हवाय, या टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असाल. अशा वेळी एक विषय हमखास सुचतो, त्यातही २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास: "आजच्या मुलांना कार्टून माहीत आहेत, साहित्यिक माहीत नाहीत. यावर सर्वे करू का?"

विषय चांगला आहे, पण दिसतो तितका सोपा नाही. शंभर मुलांना दोन फोटो दाखवायचे, एक शिनचॅनचा आणि एक केशवसुतांचा. टक्केवारी काढायची, दोन रंगांचा आलेख लावायचा आणि शेवटी लिहायचं की वाचनसंस्कृती लोप पावत आहे. व्हायवाला पहिल्या पाच मिनिटांत हा निष्कर्ष कोसळतो. निष्कर्ष खोटाच असेल असं मी म्हणत नाही. तो या पद्धतीने सिद्ध होत नाही, एवढंच. का होत नाही, ते आज पायरीपायरीने बघू. क्षेत्र म्हणून विक्रोळी घेऊ. या विषयाला लागणारं सगळं इथे आहे, हे पुढे कळेलच.

आधी एक झालेलं काम

२००२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अँड्र्यू बाल्मफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटासा लेख आला. त्यांनी ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळेतल्या १०९ मुलांना कार्डं दाखवली. काही कार्डांवर तिथले नेहमीचे प्राणी आणि वनस्पती, काहींवर पोकेमॉन. चार वर्षांच्या मुलांनी खरे जीव साधारण ३२ टक्के ओळखले आणि पोकेमॉन फक्त ७ टक्के. आठ वर्षांच्या मुलांमध्ये चित्र उलटं झालं: खरे जीव ५३ टक्के, पोकेमॉन ७८ टक्के.

आता निष्कर्ष बघा. "मुलं बिघडली" असं त्यांनी लिहिलं नाही. मुलांची शिकण्याची ताकद प्रचंड आहे आणि आपल्या विषयाची गोडी लावण्यात पोकेमॉन बनवणारे निसर्गसंवर्धन करणाऱ्यांपेक्षा सरस ठरले, असा त्यांचा सूर होता. बोट मोठ्यांकडे होतं.

हा अभ्यास टिकला त्याचं एक साधं कारण आहे. दोन्ही बाजूंना काम एकच होतं, चित्र बघा आणि नाव सांगा. शिवाय दोन्ही बाजूंना 'प्रजाती'च होत्या, एकीकडे खऱ्या आणि दुसरीकडे बनवलेल्या. आपल्या शिनचॅन-केशवसुत सर्वेत नेमकं हेच सुटतं.

पायरी १: तुलना कशाशी?

केशवसुत (१८६६–१९०५) हे लेखक. शिनचॅन हे पात्र. लेखकाची तुलना पात्राशी केली की पात्र जिंकणारच. ते रोज टीव्हीवर येतं, त्याचा शर्ट कधी बदलत नाही, दप्तरावर, टिफिनवर, पेन्सिलच्या डब्यावर तेच असतं. बघताक्षणी ओळखू यावं म्हणूनच ते काढलेलं असतं. केशवसुतांचं चित्र मुलाला भेटलंच तर पाठ्यपुस्तकात, तेही टपालतिकिटाएवढं.

बरोबरीची तुलना हवी असेल तर विचारा, शिनचॅन कोणी काढला? योशितो उसुई यांनी, १९९० पासून. डोरेमॉन कोणाचा? फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने काढणाऱ्या हिरोशी फुजिमोतो यांचा, १९६९ पासून. ही नावं किती मुलांना सांगता येतील? मुलांचं सोडा, आपल्यापैकी किती जणांना?

मराठीतलं याहून जवळचं उदाहरण म्हणजे फास्टर फेणे. बनेश फेणे, मुक्काम फुरसुंगी, तोंडात सदा 'ट्टॉक'. २०१७ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला आणि ज्यांनी पुस्तकं पाहिली नव्हती त्यांनाही फाफे कळला. पण भा. रा. भागवत (१९१०–२००१) हे नाव त्यातल्या किती जणांना आठवतं? पात्र लेखकापेक्षा जास्त चालतं ही गोष्ट कार्टूनच्या आधीपासूनची आहे. चिमणराव आठवतो, चिं. वि. जोशी आठवायला एक क्षण जास्त लागतो.

म्हणून अभ्यासात दोनऐवजी चार खाने करा: मराठी लेखक, मराठी साहित्यातली पात्रं, लोकप्रिय कार्टूनची पात्रं आणि त्या कार्टूनचे निर्माते. मग फरक 'साहित्य विरुद्ध कार्टून' असा पडतो की 'माणूस विरुद्ध पात्र' असा, हे दिसेल. या दोन निष्कर्षांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पायरी २: 'ओळखणं' म्हणजे काय?

विक्रोळी पूर्वेला टागोर नगर आहे. तिथल्या मुलाला पत्ता विचारा, तो ग्रुप नंबरसकट सांगेल. म्हणजे 'टागोर' हा शब्द तो दिवसातून कितीदा तरी उच्चारतो. शाळेत रोज राष्ट्रगीत म्हणतो, तेही टागोरांचंच. आता त्याला पांढऱ्या दाढीतल्या रवींद्रनाथांचा फोटो दाखवा. त्याने ओळखलं नाही, तर त्याला टागोर माहीत आहेत की नाहीत? नाव माहीत आहे, शब्द तोंडपाठ आहेत, चेहरा माहीत नाही आणि या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हेही कदाचित माहीत नाही.

यालाच आपण कार्यात्मक व्याख्या म्हणतो. सेट-नेटच्या पेपर एकसाठी पाठ केलेली ही संज्ञा इथे कामाला येते. 'ओळख' हा शब्द मोजायचा तर त्याचे निदान चार थर वेगळे करावे लागतात: न सुचवता नाव आठवणं, यादीत नाव दिसल्यावर ओळखणं, चेहरा ओळखणं आणि त्या माणसाने काय लिहिलं हे सांगता येणं.

आठवणं आणि ओळखणं यांत किती अंतर असतं, हे हेन्री रोडिगर आणि अँड्र्यू डिसोटो यांच्या कामात दिसतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आठवून लिहा म्हटलं की लोक पहिले काही आणि अलीकडचे काही लिहितात, मधले बरेचसे गळतात. पण २०१६ च्या अभ्यासात त्यांनी नावं समोर ठेवून विचारलं, तेव्हा सरासरी ८८ टक्के राष्ट्राध्यक्ष लोकांनी बरोबर ओळखले. राष्ट्राध्यक्ष तेच, प्रश्नाचा प्रकार बदलला की आकडा बदलला. त्यामुळे तुमच्या सिनॉप्सिसमध्ये नुसतं "ओळख तपासली जाईल" असं लिहिलं असेल तर गाईड लाल पेनाने गोल करणार, हे नक्की.

पायरी ३: अंदाज कसा पकडायचा?

त्याच अभ्यासात एक गंमत झाली. अलेक्झांडर हॅमिल्टन कधीच राष्ट्राध्यक्ष नव्हते, तरी ७१ टक्के लोकांनी ते होते असं सांगितलं. नाव कानावरून गेलेलं, इतिहासाशी जोडलेलं, मग असतीलच!

विक्रोळीत आपला हॅमिल्टन तयार आहे. टागोर नगरच्या शेजारीच कन्नमवार नगर. मारोतराव कन्नमवार १९६२–६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. "यांपैकी लेखक कोण?" या यादीत 'कन्नमवार' टाका. रोज ऐकलेलं नाव, शेजारच्या टागोरांसारखंच नगराला दिलेलं. जो मुलगा टागोरांवर खूण करतो आणि कन्नमवारांवरही करतो, तो लेखक ओळखत नाहीये, परिसरातली नावं ओळखतोय.

ही युक्ती संशोधनात जुनी आहे. किथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट यांनी १९८९ मध्ये लेखक-ओळख चाचणी मांडली. "तुम्ही किती वाचता?" असं विचारलं की लोक फुगवून सांगतात, कारण वाचन चांगलं समजलं जातं. म्हणून त्यांनी लेखकांच्या नावांत लेखक नसलेल्यांची नावं मिसळली आणि चुकीच्या खुणांचे गुण कापले.

हिशेब असा समजा. यादीत २० लेखक, २० लेखक नसलेले. एका मुलीने १५ लेखकांवर आणि एका चुकीच्या नावावर खूण केली. एका मुलाने १८ लेखकांवर आणि १२ चुकीच्या नावांवर. नुसते बरोबर मोजले तर मुलगा पुढे. वजाबाकी केली तर मुलीचे ७५ वजा ५, म्हणजे ७० टक्के. मुलाचे ९० वजा ६०, म्हणजे ३० टक्के. डेटा तोच, निकाल उलटा.

पायरी ४: यादी कोणाची?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 'माहीत असायलाच हवेत' असे लेखक कोण ठरवणार?

विक्रोळीच्या शेजारी घाटकोपर. तिथल्या चिराग नगरात अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) राहिले. १ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, बॅनर लागतात, मिरवणुका निघतात. या भागातल्या एखाद्या मुलाला अण्णाभाऊंचा चेहरा लगेच ओळखू येईल आणि बालकवी येणार नाहीत. तुमच्या यादीत अण्णाभाऊ नसतील तर तो मुलगा अडाणी ठरेल. असतील तर पुढचा प्रश्न उभा राहतो: बॅनरवरून ओळखणं आणि 'फकिरा' वाचून ओळखणं एकच का? पुन्हा पायरी दोन.

पार्कसाईटमधल्या हिंदी माध्यमाच्या मुलीला प्रेमचंद माहीत असतील, केशवसुत नसतील. यादी फक्त मराठी ठेवली तर तिचा शून्य हा तुमच्या यादीचा शून्य आहे. म्हणून शाळेचं माध्यम आणि घरची भाषा नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मराठीची आणखी एक खास अडचण म्हणजे टोपणनावं. मुलाने कुसुमाग्रजांच्या जागी शिरवाडकर लिहिलं तर बरोबर धरणार ना? ठोंबरे म्हणजे बालकवी, गडकरी म्हणजे गोविंदाग्रज. काय चालेल आणि काय नाही, हे उत्तरं हातात येण्याआधी ठरवून लिहून ठेवा. नंतर ठरवलं तर आपल्याला हव्या त्या निकालाकडे हात झुकतो.

पायरी ५: 'आजची' मुलं

शीर्षकात 'आजच्या पिढीला' असं लिहिलंत की तुम्ही कालच्या पिढीशी तुलना केली. कालचा डेटा कुठे आहे? रोडिगर आणि डिसोटो यांच्याकडे १९७४, १९९१ आणि २००९ अशा तीन वेळच्या विद्यार्थ्यांची उत्तरं होती, म्हणून विस्मरणाबद्दल बोलता आलं. आपल्याकडे एकाच वेळची उत्तरं असतील तर "कमी झालं" हे क्रियापद वापरता येत नाही. "इतकं आहे" एवढंच म्हणता येतं. मुलांबरोबर त्यांच्या आईवडिलांनाही तीच चाचणी दिली तर थोडी मदत होते, पण वय आणि पिढी यांचा गुंता उरतोच. तो मर्यादांच्या प्रकरणात मोकळेपणाने लिहा.

मग करायचं काय?

एकाच इयत्तेची मुलं, तिन्ही माध्यमांच्या शाळा, चार खान्यांची यादी, प्रत्येक खान्यात खोटी नावं, आधी आठवण आणि मग ओळख. नाव ओळखलं की एकच जोडप्रश्न: "हे नाव कुठे भेटलं?" पाठ्यपुस्तक, घर, वाचनालय, टीव्ही, मोबाईल, रस्त्यावरची पाटी, जयंती. माझ्या मते प्रबंधाचा खरा ऐवज या जोडप्रश्नात आहे. किती टक्के मुलांना माहीत नाही, हे ऐकून लोक हळहळतील आणि विसरतील. नावं कोणत्या वाटेने पोचतात आणि कोणती वाट बंद आहे हे कळलं, तर शाळेला आणि वाचनालयाला काही करता येईल.

पालकांची संमती, मुख्याध्यापकांची परवानगी आणि तुमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्या. चाचणी एकेकट्या मुलाची घ्या. वर्गासमोर "एवढंही माहीत नाही?" हा प्रश्न ज्याला विचारला जातो, तो त्या लेखकाच्या वाटेला पुन्हा जात नाही.

या सर्वेचा आकडा शेवटी कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतो, बहुतेक वेळा तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या. प्रश्नावली छापायच्या आधी ती स्वतः एकदा सोडवा, वेळ लावून, गुण कापून. मग गाईडना दाखवा.