नावापुढील पदव्या : संकेत आणि अधिकार

व्यक्तीच्या नावापुढे लिहिलेली पदवी ही वाचणाऱ्याला दिलेली ग्वाही असते. अमुक विद्याशाखेत या व्यक्तीची परीक्षा झाली असून एका अधिकृत संस्थेने तिचे ज्ञान मान्य केले आहे, हे ती दोन-तीन अक्षरांत सांगते, आणि म्हणूनच ती कोणी, कोठे व किती लिहावी याविषयीच्या संकेतांना विश्वासाचा आधार आहे.

महाराष्ट्रात ही पद्धत आधुनिक विद्यापीठाबरोबर रुजली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे त्याचे पहिले बी. ए. झाले. संस्कृत विद्येच्या परंपरेत मात्र विद्वत्तेची खूण नावाआधी येत असे. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाआधीची ‘तर्कतीर्थ’ ही पदवी तशीच होती, तर धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांच्या नावाआधी ‘महामहोपाध्याय’ आणि नावापुढे ‘एम. ए., एलएल. एम.’ असा दोन्ही परंपरांचा मेळ दिसतो.

इंग्लंडमधून आलेल्या संकेतानुसार पदव्या चढत्या क्रमाने, म्हणजे कनिष्ठ आधी व वरिष्ठ नंतर, लिहितात. अमेरिकेत बहुधा सर्वोच्च पदवी तेवढी लिहिली जाते. एकाच विषयातील वरची पदवी लिहिली की खालची तिच्यात सामावते, परंतु बी. एस्सी. झाल्यावर एलएल. बी. केलेल्या वकिलाने दोन्ही लिहिणे सार्थ ठरते, कारण त्या दोन वेगळ्या विद्या आहेत. प्रबंध सादर झाला किंवा तोंडी परीक्षा आटोपली, एवढ्याने पदवी लावण्याचा अधिकार येत नाही. विद्यापीठाने ती प्रदान केल्याचे अधिकृतपणे जाहीर व्हावे लागते. चालू असलेल्या अभ्यासाचा उल्लेख नोकरीच्या अर्जात अवश्य करावा, नावापुढे करू नये.

सर्वाधिक काटेकोरपणा हवा तो दवाखान्याच्या पाटीवर. एमबीबीएस ही प्रत्यक्षात स्नातक पदवी असून तिच्या धारकाला ‘डॉ.’ म्हणणे हा रूढ सौजन्याचा भाग आहे. मराठी साहित्यात पीएच. डी. केलेली व्यक्तीही ‘डॉ.’च लिहिते. ब्रिटनमध्ये नावाआधी ‘डॉ.’ आणि पुढे ‘पीएच. डी.’ अशी द्विरुक्ती टाळतात, तर तेथील शल्यविशारद रॉयल कॉलेजचे सदस्य झाल्यावर ‘डॉ.’ सोडून पुन्हा ‘मिस्टर’ म्हणवून घेतात. आपल्याकडे मात्र वैद्यकीय पाटीवर ही द्विरुक्ती आवश्यकच मानली पाहिजे, कारण नुसत्या ‘डॉ.’वरून उपचारपद्धती कळत नाही आणि नुसत्या ‘एम. डी.’वरूनही ती पदवी आधुनिक वैद्यकातील आहे की आयुर्वेदातील, याचा बोध होत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी डॉक्टरांना नावापुढे केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय पदव्या अथवा व्यावसायिक ज्ञान दर्शवणारी प्रमाणपत्रे, सदस्यत्वे व सन्मान लिहिण्याची मुभा दिली आणि दवाखान्यात, औषधचिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर व पावतीवर नोंदणी क्रमांक देण्याचे बंधन घातले. वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमांनुसार पाटीवर आपण पूर्वी न्यायाधीश होतो, असे लिहिता येत नाही.

पदवी देण्याचा अधिकारही मर्यादित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार तो कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. पैसे भरून घरपोच मिळणाऱ्या ‘डॉक्टरेट’ला येथे कोणतेही स्थान नाही. संविधानाच्या अनुच्छेद १८ ने राज्याला किताब देण्यास मनाई करताना सैनिकी व विद्याविषयक सन्मान तेवढे वगळले, आणि पद्म पुरस्कार नावाला जोडून वापरू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. सन्माननीय डॉक्टरेट लिहिताना ती ‘मानद’ आहे, हे नमूद करणे हाच प्रामाणिक मार्ग होय. तिच्या आधारे ‘डॉ.’ लावू नये, असा संकेत अनेक विद्यापीठे पाळतात.

लग्नपत्रिकेत वधूवरांच्या नावाखाली ‘बी. ई., एम. बी. ए.’ छापणे अनेकांना खटकते, आणि तेथे त्या ग्वाहीची कोणाला गरज नसते, हे खरेच आहे. तरीही घराण्यातील पहिल्या पदवीधराने दारावर लावलेली पाटी दिखाऊ ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण आहे, त्यांना पोहोचत नाही. ज्या समाजांना शाळेचे दारच बंद होते, त्यांच्यासाठी या अक्षरांचे मोल वेगळे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमेखाली आणि जयंतीच्या फलकांवर त्यांच्या पदव्या आजही सविस्तर लिहिल्या जातात. त्यांतील कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. १९१५ ची, लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. १९२३ ची, तर कोलंबियाची पीएच. डी. प्रबंध छापून प्रसिद्ध झाल्यानंतर १९२७ मध्ये रीतसर प्रदान झालेली आहे. त्यानंतर कोलंबियाने १९५२ मध्ये एलएल. डी. आणि उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये डी. लिट. या मानद पदव्या दिल्या.