जुनं ते सोनं, पण किती कॅरेटचं?

कुणी स्टॅम्प जमवतं, कुणी एलपी रेकॉर्ड्स, तर कुणी नुसतेच क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स. पण शंभर वर्षांपूर्वीचं, पावसात भिजून फुगलेलं एखादं पुस्तक, तेही ज्यावर आपण बहुधा कधीच चढणार नाही अशा कड्याचं, खिशातले पौंड मोजून घेणारी एक जमात ब्रिटनमध्ये आहे. रॉक क्लायंबिंगची जुनी गाइडबुकं जमवणं हा तिथला एकदम सीरियस छंद. आणि त्यातली खरी गंमत आहे ती भाव ठरवण्यात!

गाइडबुक म्हणजे काय? कुठल्या कड्यावर कुठून चढायचं, रूट किती फुटांचा, किती अवघड आणि पहिल्यांदा कोण चढलं, हे सांगणारं पुस्तक. कादंबरी कपाटात सुखाने राहते. हे बिचारं सॅकमध्ये कोंबलं जातं, चिखलात पडतं आणि नवी आवृत्ती आली की थेट रद्दीत जातं. थोडक्यात, वापरून संपवायलाच छापलेली वस्तू. म्हणून जी वाचली, तिला भाव.

पहिला मान कुणाचा?

डब्ल्यू. पी. हॅस्केट स्मिथ हा गृहस्थ १८८६ मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या नेप्स नीडल या सुळक्यावर एकटा, रोपशिवाय चढला. ब्रिटनमध्ये क्लायंबिंग हा स्वतंत्र खेळ म्हणून रुजला तो या काळात. पुढे त्यानेच ‘क्लायंबिंग इन द ब्रिटिश आइल्स’ लिहिलं. इंग्लंडचा भाग १८९४ मध्ये आला, वेल्स आणि आयर्लंडचा १८९५ मध्ये. मांडणी चक्क डिक्शनरीसारखी, अक्षरक्रमाने! दोन्ही भाग मूळ बांधणीत एकत्र मिळणं ही कलेक्टरची दिवाळीच.

१८९७ मध्ये ओवेन ग्लिन जोन्सचं लेक डिस्ट्रिक्टवरचं पुस्तक आलं. त्यात केझिकच्या अब्राहम बंधूंचे फोटो होते आणि चढाया सोप्यापासून अतिकठीणपर्यंत चार गटांत विभागल्या होत्या. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, जोन्स आल्प्समधल्या दां ब्लांशवर पडून गेला. १९०० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्यावरचा स्मृतिलेख आहे. ‘पहिली आवृत्ती म्हणजेच सगळं’ असं म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. तो लेख पहिल्या आवृत्तीत असणार कसा?

१९०९ मध्ये आर्चर थॉमसन आणि अँड्र्यूज यांचं वेल्समधल्या लिवेडवरचं पुस्तक आलं आणि क्लायंबर्स क्लबची गाइडबुक मालिका सुरू झाली. पुढे लेक डिस्ट्रिक्टच्या फेल अँड रॉक क्लबच्या गाइडबुकांसाठी चित्रकार विल्यम हीटन कूपर यांनी कड्यांची रेखाटनं केली. काही जण निव्वळ त्या चित्रांसाठीही ही पुस्तकं घेतात.

भावाचं गणित

व्हिक्टोरियन काळातली चांगली प्रत शेकडो पौंडांच्या घरात जाते, तर १९७०-८० च्या दशकांतलं सर्रास मिळणारं गाइडबुक एखाद्या पिझ्झाच्या पैशात येतं. म्हणजे नुसतं वय कामाचं नाही. घडीचा नकाशा जागेवर आहे का? वरचं कागदी वेष्टन शाबूत आहे का? लायब्ररीचा शिक्का तर नाही ना? मूळ आवृत्ती की नंतरचं हुबेहूब पुनर्मुद्रण? एकेका उत्तराने आकडा वर-खाली होतो. गंमत म्हणजे एखादी स्टेपल मारलेली पातळ पुरवणी जाडजूड पुस्तकापेक्षा दुर्मीळ निघू शकते, कारण ती जपून ठेवावी असं कुणाला वाटलंच नव्हतं.

आणि एक फंडा कायम लक्षात ठेवा : विक्रेत्याने लावलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. खरा भाव तोच, ज्याला माल प्रत्यक्ष विकला गेला. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती वेगळ्या बघता येतात. आधी त्या बघा, मग पाकिटाला हात घाला.

पेन्सिलच्या खुणांचं काय?

क्लायंबर एखादा रूट चढला की गाइडबुकात त्याच्यापुढे टिक करतो, तारीख टाकतो, जोडीदाराचं नाव लिहितो. बाजार अशा प्रतीला सहसा ‘खराब’ म्हणतो आणि किंमत पाडतो. तेच हस्ताक्षर एखाद्या नामवंत क्लायंबरचं निघालं, तर किंमत उडी मारते! म्हणजे अनोळखी माणसाचे दहा पावसाळी वीकेण्ड हा डाग आणि प्रसिद्ध माणसाचे तेवढेच वीकेण्ड हा इतिहास. विकायला घ्यायची असेल तर कोरी प्रत घ्या. वाचायला हवी असेल तर मात्र टिक केलेली घ्या. ती स्वस्तही पडेल आणि कोण कुठपर्यंत पोचलं, हेही सांगेल.

कारण कधीकधी मागे उरतं ते फक्त पुस्तकच. फ्रान्समधल्या पेती द्र्यूच्या खांबासारख्या कड्यावर वॉल्टर बोनाटी १९५५ मध्ये एकटा चढला. ‘बोनाटी पिलर’ हा जगातल्या नामांकित रूट्सपैकी एक झाला. जून २००५ मध्ये त्या पिलरचा मोठा भाग कोसळला. जुन्या गाइडबुकांत त्याचं वर्णन आजही वाचता येतं, पण पायाखालचा दगडच आता नाही. म्हणूनच जुनं पुस्तक हातात घेऊन कड्यावर जायची हौस नको. चढायला नवीन आवृत्तीच घ्यायची.

आपल्याकडे सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या घरीही हरीश कापडियांच्या ‘ट्रेक द सह्याद्रीज’ची एखादी जुनी आवृत्ती सापडेल. रद्दीवाला दारात आला की आधी तिची पानं चाळून बघा. समासात कुणी काही लिहिलं असेल, तर ते पुस्तक किलोवर घालू नका.