कडू आणि तिखट : जिभेची पारख

मेथीचें बीं दातांखालीं आलें कीं आपण कडू म्हणतों, आणि मिरची चावली कीं तिखट म्हणतों. दोन्ही गोष्टी जिभेवरच घडतात, म्हणून त्या एकाच जातीच्या असाव्या असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं.

जिभेवरील रुचिकलिकांत कांहीं पेशी अशा असतात कीं, त्यांच्या पृष्ठभागावर कडू द्रव्यें ओळखणारीं प्रथिनें असतात. त्यांस आपण ग्राहक म्हणूं. इ. स. २००० मध्यें त्यांचा शोध लागला. मनुष्याच्या ठायीं त्यांचे सुमारें २५ प्रकार आहेत. ग्राहक हें कुलूप व द्रव्य ही किल्ली मानली, तर येथें एका कुलपास अनेक किल्ल्या लागतात. म्हणून नाना प्रकारच्या द्रव्यांची खबर जीभ 'कडू' या एकाच शब्दानें देते. मेथींतील सॅपोनिनें व केशरांतील पिक्रोक्रोसिन यांचा कडूपणा या सदरांतला होय.

मिरचीचें तसें नाहीं. तिच्यांतील कॅप्सेसिन हें उष्णता व वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंवरील निराळ्या ग्राहकास चेतवितें. कढत पाण्यानें जो जागा होतो, तोच हा. इ. स. १९९७ मध्यें तो उजेडांत आणणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांस इ. स. २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. मिरीं व आलें यांचा तिखटपणा याच वाटेचा. म्हणूनच मिरची कांडलेला हात डोळ्यास लागतांच डोळा चुरचुरतो. मेथी कुटलेल्या हातानें डोळ्यास कडू लागत नाहीं.

येथें शब्दांचा एक घोटाळा सांगणें अवश्य आहे. वैद्यकग्रंथांत 'तिक्त' म्हणजे कडू आणि 'कटु' म्हणजे तिखट. आपला 'कडू' शब्द त्या 'कटु'पासूनच आला, परंतु त्याचा अर्थ पालटला. जुने ग्रंथ वाचणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

सर्वांची जीभही सारखी नसते. इ. स. १९३१ मध्यें अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या हातून एक भुकटी उडाली. ती सोबत्यास अत्यंत कडू लागली, फॉक्स यांस मात्र कांहींच लागली नाहीं. हा फरक एका ग्राहकाच्या घडणीचा असून तो वंशपरंपरेनें येतो. मोहरी, मुळा, कोबी यांच्या वर्गांतील कांहीं द्रव्यें त्याच ग्राहकास जाणवतात. तेव्हां घरांतील मुलास मुळ्याचा पाला कडू लागत असेल, तर तो त्याचा हट्टच समजूं नये.

मीठ कडूपणा दाबतें व गूळ तो झांकतो, हें स्वयंपाकघरांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. पुष्कळ वनस्पतिविषें कडू असतात, आणि कडू चव ही निसर्गाची पहिली सूचना होय. कारलें जात्याच कडू व तें खाण्याची वहिवाट आहे. दुध्या मात्र कडू निघाला तर त्यांत कुकुर्बिटासिन हें विष वाढलें असें समजावें. मीठ, गूळ वा मसाला घालून चव दबते, विष जात नाहीं. शिजविल्यानेंही त्याचा भरंवसा धरतां येत नाहीं. इ. स. २०१० मध्यें दिल्लींत दुध्याचा कडू रस प्याल्यानें एक शास्त्रज्ञ मृत्यु पावले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या समितीनें कडू रस मुळींच पिऊं नये असें बजाविलें.

आमच्या घरीं एकदां दुध्या कडू निघाला, तेव्हां गूळ घालून भाजी निभावून न्यावी असें मीं सुचविलें होतें. आईनें न बोलतां ती उकिरड्यावर नेऊन टाकली. दोन आण्यांच्या भाजीची मला हळहळ वाटली. तिचें शहाणपण फार उशिरां कळलें.

तरी शेतकरी बंधूंनीं दुध्या, काकडी, दोडका चिरतांच लहानसा तुकडा जिभेस लावून पाहावा. कडू लागल्यास थुंकून चूळ भरावी, सबंध फळ टाकून द्यावें, व त्या वेलाचें बीं पुढील सालास कदापि राखूं नये.