विमा कोणाचा, खाडा कोणाचा?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी आपल्या चळवळीत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, गरिबाला पाच लाखांपर्यंतचा उपचार फुकट मिळू लागला, तेव्हा आरोग्याचा प्रश्न मिटला. कार्यकर्त्याने कार्ड काढून द्यावे, एवढेच काम उरले. दुसरे मत असे की, ही सगळी खासगी रुग्णालयांची आणि विमा कंपन्यांची दुकानदारी आहे; तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. पहिले मत कष्टकऱ्याच्या आजाराचा अर्धाच हिशोब मांडते. दुसरे मत, ज्याच्या पोराच्या काळजाला भोक आहे त्या बापाच्या तोंडावर जाऊन बोलण्याचे धाडस कोणी करणार नाही. म्हणून या योजनेची तपासणी एका ठरावीक श्रमिकाला समोर ठेवून केली पाहिजे. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) असा श्रमिक शोधायला लांब जावे लागत नाही. तो म्हणजे ऊसतोड कामगार.

आमचा जिल्हा एकच असला तरी त्याचे दोन मुलूख आहेत. उत्तरेला प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांचे पाणी, ऊस आणि साखर कारखाने. लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला आणि साऱ्या महाराष्ट्राला सहकाराचे उदाहरण म्हणून दाखवला गेला. दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे अवर्षणाचे तालुके. तिथला माणूस दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन बायकापोरांसह बाहेर पडतो आणि उन्हाळा लागला की परततो. त्यांत वंजारी आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारा आहेत, भिल्ल आहेत. ज्यांच्या वाट्याला जमीन आली नाही, किंवा आली ती कोरडी आली, ते सगळे आहेत. दिवाळीनंतर आमच्या वर्गातल्या बाकांवर मोकळ्या जागा दिसू लागतात, त्याही याच कारणाने. साखरेचा सहकार उभा राहिला त्यात उत्पादकाचा भाग होता, शेअर होता. ऊस तोडणाऱ्याचा कोयता मात्र सभासदांच्या यादीबाहेरच राहिला.

आता ही योजना या माणसाला काय देते ते पाहू. २ जुलै २०१२ रोजी ती 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. त्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती आणि ९७१ उपचार होते. १ एप्रिल २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे दोन्हींची सांगड घातली गेली. जुलै २०२३ च्या निर्णयाने मर्यादा पाच लाख झाली, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि उत्पन्नाची अट काढून सर्वच रेशनकार्डधारकांना लाभ देण्याचे ठरले. त्याचा अंमल जुलै २०२४ पासून सुरू झाला. कुटुंबाने एक पैसाही भरायचा नाही. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, डायलिसिस, भाजलेल्याचे उपचार हे ज्यांच्या स्वप्नातही नव्हते त्यांना ते मिळू लागले. पूर्वी अशा आजारात घरातले जनावर जाई, जमिनीचा तुकडा जाई आणि शेवटी माणूसही जाई. ही सुधारणा खरी आहे. तिला खोटी म्हणणे हा आपल्याच माणसांवर अन्याय होईल.

सुधारणेचे समर्थक आणखी एक आकडा पुढे ठेवतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून होणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हा आकडा बाजूला सारू नये. पण तो काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे विचारावे. खिशातून गेलेला पैसा त्यात मोजला जातो. खिशात आलाच नाही तो पैसा, म्हणजे बुडालेली मजुरी, त्यात कुठेच नाही. ऊसतोड कामगाराच्या आजाराचा खरा हिशोब नेमका तिथे सुरू होतो.

फडावर दोन शब्द राज्य करतात: कोयता आणि खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर आणि ती कोयत्याची. बाईची म्हणून वेगळी मजुरी नाही. कामाचा दिवस चुकला की तो खाडा. खाड्याला त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर मुकादम दंड लावतो आणि तो उचलीच्या हिशोबात धरतो. एक जण आजारी पडला की कोयता मोडतो. एकटा ऊस तोडील, की वाढे काढून मोळी बांधील, की गाडी भरील? म्हणजे आजारी पडतो एक आणि रोजगार जातो दोघांचा.

माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाचे उदाहरण देतो. उन्हात राबणे आणि पाणी बेताचे पिणे यामुळे नवऱ्याला मूतखडा झाला. शस्त्रक्रिया योजनेत झाली आणि तिला खरोखरच काही पडले नाही. पण भरती होण्याआधी दोन खासगी दवाखाने झाले, सोनोग्राफी झाली, इंजेक्शने झाली, जाण्यायेण्याला गाडी झाली. हे सगळे पदरचे. रुग्णालयात चार दिवस गेले आणि नंतर घरी बसणे जवळजवळ महिनाभर. त्या महिन्याचा खाडा उचलीत चढला. हंगाम संपला तेव्हा फिटायची ती उचल अंगावरच राहिली आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडले. रुग्णालयाच्या दप्तरात ही केस यशस्वी आहे. कुटुंबाच्या दप्तरात ती एका वर्षाची वेठ आहे. दोन्ही दप्तरे खरी आहेत. योजना फक्त पहिले वाचते.

याचे कारण योजनेच्या रचनेत आहे. तिचा पैसा रुग्णालयाला मिळतो, रोग्याच्या हाती येत नाही. रोगी भरती झाला, ठरलेला उपचार झाला की ठरलेली रक्कम रुग्णालयाला जाते. बाह्यरुग्ण विभागातल्या रोजच्या आजारांना तिच्यात जागा नाही. ताप, खोकला, कंबरदुखी, अंगावरून जाणे, रक्त कमी असणे, कोयत्याने झालेली जखम. कष्टकऱ्याला झिजवणारे आजार हेच आहेत आणि ते 'पॅकेज'मध्ये बसत नाहीत. बसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मग श्रमिकाचा विमा याहून वेगळा असू शकतो काय? असू शकतो, आणि तो या देशात सत्तर वर्षांहून अधिक काळ आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. या विम्यात कामगाराला औषधोपचार मिळतातच; शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, बाळंतपणाची भरपगारी रजा मिळते, अपंगत्व आले तर भरपाई मिळते. २०१९ पासून मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. म्हणजे आजाराची दोन बिले असतात, एक डॉक्टरचे आणि एक बुडालेल्या मजुरीचे, हे या कायद्याने ओळखले. दुसऱ्या बिलात मालकाला वाटा उचलायला लावला, हे त्याचे मोठेपण.

या कायद्यातून कोण वगळले गेले? हंगामी कारखाने. हंगामी म्हणजे कोणते, याची यादी कायद्यातच आहे आणि तीत केवळ साखर व गूळ तयार करणारे कारखाने आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाने बाहेरच ठेवले. साखरेबरोबर इतर उत्पादने काढणाऱ्या कारखान्यांविषयी अर्थ लावण्याचे वाद होऊ शकतील. तोडणी कामगाराला त्याचा उपयोग नाही. तो कारखान्याच्या हजेरीपटावरच नसतो. कारखाना म्हणतो, हा मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणतो, मी मधला. ज्याच्या कोयत्याशिवाय एक पोते साखर बाहेर पडत नाही, त्याला मालकच नाही! आणि मालकच नसेल तर विम्यात मालकाचा वाटा कोणी भरायचा?

इथेच नव्या सुधारणेचा कळीचा मुद्दा आहे. सरकारी तिजोरीतून सर्वांना रुग्णालयविमा मिळाला, हे चांगले झाले. पण त्याबरोबर मालकाच्या जबाबदारीचा प्रश्न चर्चेतून हळूच नाहीसा झाला. बाबासाहेबांची भूमिका वेगळी होती. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी लोककल्याण हे मुळात सरकारचे कर्तव्य मानले. त्याचबरोबर स्त्रीच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकाला त्या भारातून मोकळे सोडले नाही. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी विमा व्यवसाय राज्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढाने वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे सक्तीचे असावे, असे मांडले. नागरिकाला सुरक्षितता आणि राज्याला विकासासाठी भांडवल, असा त्यात दुहेरी विचार होता. विमा हे त्यांना समाजाची अर्थरचना बदलण्याचे एक साधन वाटत होते.

अर्थरचना तशीच ठेवून पैसा फक्त शस्त्रक्रियेमागे उभा केला तर काय होते? २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला ३० हजारांची मर्यादा होती. तिच्या आधारे छत्तीसगड, बिहार आणि राजस्थानात गरीब बायांची गर्भाशये अनावश्यक काढल्याचे आरोप झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्यावर निर्देश दिले. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात तर विम्याचीही गरज लागली नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीत खाडा नको, पोट दुखले तर खाडा नको. वर डॉक्टरने घातलेली कर्करोगाची भीती. फडावर संडास नाही, पाणी नाही, विश्रांती नाही. ज्या आजारावर पाणी, आडोसा आणि चार दिवसांची भरपगारी रजा हे औषध होते, त्यावर सुरी चालली. बाईने त्यासाठीही उचलच घेतली.

याच्या उलट उदाहरणही आमच्याच जिल्ह्यातले आहे. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या. बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, क्षय आणि कुष्ठरोगाची ओळख हे त्यांना शिकवले. दुष्काळात कूपनलिका घेतल्या तेव्हा अनेक दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे गावाला पाण्यासाठी तिकडे यावे लागले. जिच्या सावलीचा विटाळ होता तिच्या हाती गावाचे बाळंतपण आले. अशा कामांची दखल जगाने घेतली; १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा काढला आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडने विमापत्र वाटले नाही. आजाराच्या मुळाशी पाणी, अन्न आणि जात आहे, हे ओळखून तिथेच काम केले.

आता आजच्या चर्चेकडे येऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला. माझ्यासारख्या पगारदाराला त्याचा फायदा झाला. पण जो हप्ताच भरू शकत नाही, त्याला हप्त्यावरचा कर माफ होऊन काय उपयोग? वर्तमानपत्रे मात्र याला सामान्य माणसाला दिलासा म्हणतात. सामान्य माणूस कोण हे ठरवण्याचा अधिकार अजून कोणाकडे आहे, ते यातून दिसते.

म्हणून कार्यकर्त्यांनी योजनेचा लाभ शेवटच्या कुटुंबापर्यंत पोचवावा आणि त्याच वेळी पुढच्या मागण्या सोडू नयेत. नवरा आणि बायको यांची ऊसतोड कामगार म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी. आजाराच्या आणि पाळीच्या दिवसांचा खाडा बंद होऊन त्या दिवसांची भरपाई मिळावी. त्यासाठी कारखान्याने गाळपाच्या टनामागे वाटा द्यावा. हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल तर त्याला १९६९ चा माथाडी कायदा दाखवावा. ज्या हमालाला एक मालक नव्हता, त्याच्यासाठी महाराष्ट्रानेच मंडळ काढले आणि मालकांकडून मजुरीवर लेव्ही वसूल केली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ झाले आणि कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे तत्त्वही मान्य झाले. म्हणजे दार किलकिले आहे. ते लोटायचे आहे. आणि तळावर, कोप्यांजवळ, पाणी, संडास आणि जामखेडच्या बायांसारखी शिकवलेली आरोग्यसेविका हवी.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना यात एक काम करता येण्यासारखे आहे. गावोगाव वही घालून नोंद करावी: या हंगामात कोण आजारी पडले, दवाखान्याचे किती गेले, खाडे किती झाले, दंड किती बसला, उचल किती अंगावर राहिली. योजनेला ज्या महात्म्याचे नाव आहे, त्याने शेतकऱ्याचा पैसा कुठे मुरतो याचा हिशोब 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडला होता. कारखान्याकडे टनांचा हिशोब आहे, रुग्णालयाकडे शस्त्रक्रियांचा आहे, मुकादमाकडे उचलीचा आहे. खाड्याची वही तेवढी कोणाकडेच नाही. ती आपण लिहिली पाहिजे.