आकाशातली संथा

आमच्या लालबागच्या चाळीच्या गॅलरीतून पश्चिमेस पाहिले असता श्रीनिवास मिलच्या जागेवरचा जो उत्तुंग मनोरा दिसतो, तो मूळचा 442 मीटरांचा आखलेला असून विमानतळ प्राधिकरणाची परवानगी न मिळाल्यामुळे 280 मीटरांवरच थांबला, हे कळले तेव्हा एवढ्या इमारतीला वाकवणाऱ्या त्या खात्याचा अंमल चालतो तरी कसा, याचे कुतूहल मनात उत्पन्न झाले. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी त्या कुतूहलाला निमित्त पुरवले, आणि चौकशी फिरत फिरत आमच्याच मजल्यावर येऊन थांबली. कारण टोकाच्या खोलीतले अण्णा हे निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक.

इतिहास थोडक्यात सांगतो. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या विमानात वायरलेस नव्हता. आज मुंबई विमानतळावर 83.8 मीटर उंचीचा नियंत्रण मनोरा आहे, आणि इथल्या नियंत्रकांची हद्द अरबी समुद्रावर दूरवर पसरलेली आहे. जमिनीवरचा नियंत्रक, मनोऱ्यातला, विमाने उतरणीला लावणारा आणि लांबच्या प्रवासावर नजर ठेवणारा असे निरनिराळे अंमलदार असून, प्रत्येकाची रेडिओ लहर वेगळी. विमान एकाच्या हाती देऊन दुसरा मोकळा होतो.

परंतु माझे मन रडारपेक्षा एका साध्या रिवाजात गुंतले. त्या लहरीवर एका वेळी एकानेच बोलायचे. दोघांनी एकदम बटण दाबले तर कानांत नुसती कर्कश शिटी. म्हणून वाक्ये मोजकी आणि शब्द मुक्रर. ‘रॉजर’ म्हणजे केवळ ‘ऐकले’. हुकमाप्रमाणे करतो असे सांगायचे तर ‘विल्को’. ‘फाइव्ह’ व ‘नाइन’ यांची खरखरीत गल्लत होऊ नये म्हणून नवाला ‘नायनर’ म्हणायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, नियंत्रकाने सांगितलेली उंची, दिशा वा धावपट्टी वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवायची. वेदपाठशाळेत गुरुजी संथा देतात, तीच ही रीत. फरक इतकाच, की इथे चुकलेल्या शिष्याला दुसऱ्या दिवशीची सवलत नाही.

“हुकूम सुटला म्हणजे काम झालं असं नाही रे,” अण्णा म्हणाले, “तो परत येताना ऐकायचा, ते खरं काम. आपल्याला जे ऐकायचं असतं तेच कानाला ऐकू येतं, तिथेच घात होतो.” इतक्यात काकूंनी आतून पाव किलो रवा आणि अर्धा किलो साखर आणायला सांगितली. अण्णांनी दोन्ही जिन्नस वजनासकट मोठ्याने उच्चारले, आतून “बरोबर” आल्यावरच पिशवी उचलली. चाळीत याची थट्टा होते. मीही केली आहे.

19 फेब्रुवारी 1989 रोजी क्वालालंपूरजवळ एका मालवाहू विमानाला 2400 फुटांपर्यंत उतरण्याची परवानगी मिळाली. त्यातला ‘टू’ हा आकडा वैमानिकांनी ‘पर्यंत’ या अर्थाचा घेतला आणि ‘चारशे’ असे परत म्हटले. ते चुकीचे उत्तर कोणी पकडले नाही. विमान डोंगरावर आदळून चौघेही गेले. हे कळले तेव्हापासून अण्णांची थट्टा करवत नाही.

मुंबईची अडचण अशी की, इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असून काम एकीचेच. ताशी 46 विमानांची चढउतार करायची झाली, तर दर 78 सेकंदांना एक. तेवढ्यात उतरलेल्याने पट्टी सोडायची, निघणाऱ्याने तिच्यावर यायचे, आणि प्रत्येक हुकूम जाऊन परत यायचा. पावसाळ्यात एखाद्याने उतरणे रद्द करून पुन्हा वर झेप घेतली, की मागची सारी रांग नव्याने लावावी लागते. 8 जून 2024 रोजी मुख्य धावपट्टीवर एक विमान टेकत असता दुसरे त्याच पट्टीवरून उड्डाण घेत होते. सुदैवाने कोणास इजा झाली नाही, आणि संबंधित नियंत्रकास कामावरून बाजूला करण्यात आले.

अण्णांना त्याविषयी विचारले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “माइकवर माणसाला सलग किती वेळ बसवता, ते आधी विचार.” माझेही मत आता तेच झाले आहे: ताशी विमानांचा आकडा वाढवण्याच्या आधी त्या खुर्च्यांवरची माणसे वाढवली पाहिजेत.