नियंत्रण दांडा व योक, स्वनिर्मित विमानातील

विमानाचे नाक वर-खाली करण्यासाठी आणि विमान एका अंगावर कलविण्यासाठी वैमानिक जे साधन हातात धरतो, ते मुख्यतः दोन प्रकारचे असते. वैमानिकाच्या गुडघ्यांमधून उभा येणारा व चारही दिशांना कलणारा नियंत्रण दांडा (स्टिक) हा एक प्रकार होय. उपकरण फलकातून अथवा स्वतंत्र स्तंभावरून वैमानिकासमोर येणारे, पुढे-मागे सरकणारे व मोटारीच्या चक्राप्रमाणे फिरणारे चक्र किंवा शिंगांच्या आकाराची मूठ (योक) हा दुसरा प्रकार होय. दोहोंचे कार्य एकच आहे. साधन मागे ओढले असता शेपटीवरील आडवी हलती झडप (एलेव्हेटर) वर उचलली जाऊन विमानाचे नाक वर होते. दांडा उजवीकडे कलविला किंवा योक उजवीकडे फिरविला असता उजव्या पंखाच्या टोकाकडील झडप (एलेरॉन) वर व डाव्या पंखाची खाली जाऊन विमान उजवीकडे कलते. सुकाणू मात्र दोन्ही व्यवस्थांत पायानेच चालविले जाते.

स्वतःच्या हाताने विमान बांधणाऱ्या हौशी निर्मात्यास आराखड्यातील दांडा काढून त्या जागी योक बसविण्याचा मोह अनेकदा होतो. वरकरणी हा मूठ बदलण्याचा प्रश्न वाटतो. वस्तुतः दांडा हा एका यंत्रणेचा दिसणारा शेवट असतो. मुठीपासून झडपेपर्यंतच्या तरफा, नळ्या, कप्प्या व थांबे यांची प्रमाणे त्या दांड्याच्या लांबीशी जुळवून ठरविलेली असतात, आणि उड्डाण चाचण्यांत विमानाचे जे गुण नोंदले जातात ते या संपूर्ण साखळीसह नोंदलेले असतात. म्हणून मूठ बदलणारा निर्माता प्रत्यक्षात नियंत्रण यंत्रणेचा नवा अभिकल्प करीत असतो, मग त्याची त्याला जाणीव असो वा नसो.

इतिहास : राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानात यांपैकी काहीच नव्हते. वैमानिक पालथा पडून डाव्या हातातील तरफेने पुढील आडव्या पृष्ठाचे नियंत्रण करी आणि कमरेखालील पाळणा सरकवून पंखांना पीळ देई. एकाच उभ्या दांड्याने दोन्ही कार्ये साधण्याची कल्पना रॉबेअर एस्नो-पेल्तरी या फ्रेंच अभियंत्याने १९०७ च्या सुमारास अमलात आणली. लुई ब्लेर्यो यांनी १९०८ मध्ये तशीच व्यवस्था वापरली. त्यांच्या दांड्याच्या डोक्यावर एक लहान चक्र होते, पण ते फिरत नसे. ते केवळ धरण्यापुरते होते. खरोखर फिरणारे चक्र देपेर्दुसँ विमानांमुळे रूढ झाले. त्यांत वैमानिकाच्या मांड्यांवरून जाणारी उलट्या यू आकाराची चौकट असून तिच्या मध्यावर चक्र बसविलेले असे. योक या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ बैलांच्या मानेवरील जू असा आहे आणि या चौकटीकडे पाहिले म्हणजे नावाचे कारण लक्षात येते.

पुढे चक्राचा प्रसार झाला तो मुख्यतः मोठ्या विमानांत. डीसी-३ (१९३५) सारख्या विमानाचे एलेरॉन हलविण्यास मोठी प्रेरणा लागे. दांड्याच्या बाजूच्या हालचालीला वैमानिकाच्या मांड्यांची मर्यादा पडते, चक्राला तशी पडत नाही. शिवाय ते दोन्ही हातांनी धरता येते. लढाऊ व कसरतीच्या विमानांत जलद हालचालीसाठी दांडाच राहिला. मांड्यांची अडचण तेथेही होतीच. स्पिटफायर विमानाच्या अरुंद कक्षात दांड्याचा केवळ वरचा भाग बाजूला कलेल अशी बिजागरी मुठीखाली द्यावी लागली होती. लहान खाजगी विमानांत निवड बरीचशी आसनांच्या मांडणीवर अवलंबून राहिली. एरोंका कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बहुतांशी समान सुटे भाग असलेली दोन विमाने आणली; त्यांपैकी एकामागे एक आसने असलेल्या चॅम्पियनला दांडा, तर शेजारी-शेजारी आसने असलेल्या चीफला चक्र दिले होते. त्यानंतरच्या दशकांत सेसना व पायपर यांच्या प्रवासी विमानांनी योक हेच नेहमीचे साधन बनविले, तर ग्लायडर व बहुतेक स्वनिर्मित विमाने दांड्याशी एकनिष्ठ राहिली.

बदलाची इच्छा का होते : स्वनिर्मित विमानांच्या चळवळीला अमेरिकेत १९५३ मध्ये मिलवॉकी येथे स्थापन झालेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनमुळे संघटित रूप आले. तेथील नियमांनुसार विमानाचे अर्ध्याहून अधिक काम हौशी निर्मात्याने शिक्षण वा विरंगुळा म्हणून केलेले असावे लागते. त्या बदल्यात त्याला अभिकल्पात फेरफार करण्याची मोठी मोकळीक मिळते. भारतात अशी विमाने विरळ आहेत. मुंबईत अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले आणि २०१७ मध्ये त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली.

व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतील शेजारी-शेजारी आसनांच्या विमानांत दोन्ही आसनांपुढे दांडे असतात. उड्डाणशाळेत योकवर शिकलेल्या निर्मात्यास ते अपरिचित वाटतात, पण हे कारण फारसे वजनदार नाही; दांड्याची सवय बहुतेकांना थोड्याच तासांत होते. खरी अडचण कक्षात चढता-उतरताना येते. वयस्कर अथवा स्थूल व्यक्तीला पाय दांड्यावरून नेणे कठीण जाते, मांडीवर नकाशा ठेवता येत नाही आणि दांडा पूर्ण मागे घेताना तो पोटाला किंवा बाजूला घेताना मांडीला अडतो. ही शेवटची बाब सोयीची नसून सुरक्षिततेची आहे, कारण झडपेची पूर्ण हालचाल नेमकी आणीबाणीतच लागते.

यांत्रिक स्वरूप : साध्या दांड्याचा कीलक जमिनीलगत असतो. दांड्याच्या खालच्या टोकाशी जोडलेल्या नळ्या झडपांना ढकलतात व ओढतात. सांधे थोडे, वजन कमी आणि घर्षण अत्यल्प असा हा प्रकार असतो. योकमध्ये एकच दंड सरकलाही पाहिजे आणि फिरलाही पाहिजे, व या दोन हालचाली एकमेकींत मिसळता कामा नयेत. त्यासाठी फलकामागे टी आकाराचा डुलणारा स्तंभ, त्यावर दंतचक्रे व साखळी, सार्वत्रिक सांधा आणि तेथून केबली व कप्प्या अशी योजना करतात. फलक व इंजिनाकडील भिंत यांमधील जी जागा यासाठी हवी असते, तीच जागा स्वनिर्मित विमानांत रेडिओ, तारा आणि कधीकधी इंधनटाकीने व्यापलेली असते.

हाताची हालचाल आणि प्रेरणा यांचे नाते तरफेच्या नियमाने ठरते. समजा, कीलकापासून मुठीपर्यंत ४५ सेंमी. लांबीचा दांडा मध्यापासून एका बाजूस २०° कलतो. हात सु. १६ सेंमी. सरकतो. त्याऐवजी १५ सेंमी. त्रिज्येचा योक ९०° फिरेल अशी योजना केली, तर हात सु. २४ सेंमी. सरकेल आणि एलेरॉन तितकाच हलत असल्याने लागणारी सरासरी प्रेरणा, घर्षण सोडल्यास, सु. दोन-तृतीयांशांवर येईल. योकला ४५° च फिरण्यास वाव असेल, तर हात १२ सेंमी. सरकेल व प्रेरणा एक-तृतीयांशाने वाढेल. एलेव्हेटरच्या बाबतीत हा हिशेब अधिक नाजूक असतो. त्याच दांड्याची पुढे-मागे एकूण ३०° हालचाल म्हणजे हाताचे सु. २४ सेंमी. सरकणे होय. फलकामागे जागा नाही म्हणून योकला १६ सेंमी. एवढाच पल्ला दिला, तर प्रेरणा दीडपट होते आणि हाताच्या प्रत्येक सेंटिमीटरला एलेव्हेटरही दीडपट हलतो. धावपट्टीला टेकण्यापूर्वी विमान समांतर करण्याच्या क्षणी वैमानिकाचा हात अर्ध्या-एका सेंटिमीटरच्या हिशेबाने चालत असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या दीडपटीचे महत्त्व कळते.

प्रेरणा वाढली तर ती निदान खरी असते. झडपेवरील हवेचा दाबच ती वैमानिकाच्या हाताला कळवीत असतो. घर्षण मात्र हा निरोप दडपते. चांगले विमान ठरावीक वेगासाठी समतोल करून सोडले व किंचित ढळले, तर आपोआप त्या वेगाकडे परतते. नियंत्रण मार्गात घर्षण अधिक असेल, तर झडप ढळलेल्या जागीच अडकून राहते आणि मुळात स्थिर असलेले विमानही अस्थिर भासते. योकच्या सरकत्या दंडाचे धारवे हे या घर्षणाचे प्रमुख उगमस्थान होय. टेबलाचा रुंद खण एका कोपऱ्याला धरून ओढला तर तो तिरका होऊन अडकतो; त्याचप्रमाणे योक एका शिंगाला धरून एका हाताने ओढला असता दंड धारव्यांत तिरका दाबला जातो. धारव्यांमधील अंतर जितके कमी, तितकी ही अडवणूक अधिक. साधे बुश वापरून भागविलेल्या कित्येक घरगुती योजना येथेच फसतात. रोलर बसविल्यास दोष पुष्कळ कमी होतो.

वजनाचाही परिणाम होतो. सरकणारे योक व दंड मिळून ३ किग्रॅ. वजन असेल, तर १५° चढत्या स्थितीत त्याचा सु. ०·७८ किग्रॅ. भार योकला मागे खेचत राहतो, म्हणजेच नाक आणखी वर करू पाहतो. मोठ्या विमानात ही बाब नगण्य ठरते. ज्याचे नियंत्रण दोन बोटांनी होते अशा हलक्या विमानात ती जाणवते आणि वेग घटत असताना चुकीच्या दिशेने जाणवते.

मजबुतीचा प्रश्न वेगळाच आहे. अमेरिकेतील लहान विमानांच्या २०१७ पूर्वीच्या प्रमाणक नियमांत एलेव्हेटरसाठी वैमानिक लावू शकेल अशी कमाल प्रेरणा दांड्यासाठी १६७ पौंड (सु. ७६ किग्रॅ.) व चक्रासाठी २०० पौंड (सु. ९१ किग्रॅ.) धरलेली होती. स्वनिर्मित विमानांस हे नियम बंधनकारक नसले, तरी भयभीत माणसाचे बळ त्यामुळे कमी होत नाही. उपकरण फलक हा बहुधा केवळ उपकरणांचे वजन पेलणारा पातळ पत्रा असतो. त्यात भोक पाडून धारवा बसविला, तर तो भार सांगाड्यापर्यंत नेणारी नवी आधारपट्टी देणे अपरिहार्य ठरते. नळ्यांच्या जागी केबली आल्या की त्यांचा ताणही सांभाळावा लागतो. ॲल्युमिनियमचा सांगाडा पोलादी केबलीपेक्षा थंडीत अधिक आकसतो व केबली सैल पडतात. सैल किंवा लवचिक नियंत्रण मार्ग हे वेगात झडपेची विध्वंसक फडफड सुरू होण्याचे एक कारण असू शकते.

उलट जोडणीचा धोका : साखळी किंवा केबलीची जोडणी एका जागी उलटली, तर विमान हाताच्या विरुद्ध दिशेला कलते. लँकेस्टर बाँबफेकी विमानाचे अभिकल्पक रॉय चॅडविक यांचा २३ ऑगस्ट १९४७ रोजी अॅव्ह्रो ट्यूडर विमानाच्या चाचणी उड्डाणात मृत्यू झाला, तो एलेरॉनच्या केबली देखभालीत उलट जोडल्या गेल्यामुळे. नोव्हेंबर २०१८ मध्ये पोर्तुगालमध्ये देखभालीनंतर उडालेल्या एका एम्ब्राएर १९० विमानात हीच चूक घडली. ते महत्प्रयासाने उतरविता आले. दोन्ही विमाने निष्णात कारागिरांच्या हातांखालून गेली होती. म्हणून केवळ ‘झडपा हलतात’ एवढे पाहणे पुरत नाही. योक शिंगांना धरून अंगठे उभे ठेवावेत व तो फिरवावा. अंगठे ज्या बाजूस झुकतील त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे. ही तपासणी जोडणी करणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे करणे इष्ट असते. अपघातात योक छातीसमोर येतो, ही गोष्टही विसरता येत नाही. खांद्यावरून जाणारे पट्टे नसलेल्या विमानात तो बसवूच नये.

चाचणी व पर्याय : अमेरिकेत अशा मोठ्या बदलानंतर विमान पुन्हा चाचणी अवस्थेत न्यावे लागते, विमान वाहतूक प्रशासनास कळवावे लागते व ठरवून दिलेल्या क्षेत्रात, प्रवासी न घेता, सामान्यतः किमान ५ तास उड्डाण करावे लागते. या चाचणीत विविध वेगांना व गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेशी असताना हाताला जाणवणारी प्रेरणा, हात सोडल्यावर विमान मूळ वेगाकडे परतते की नाही आणि पंखांवरील उत्थापन नाहीसे होण्याच्या सीमेवरील वर्तन नव्याने नोंदतात.

ज्याची अडचण केवळ चढण्या-उतरण्याची आहे, त्याला याहून सोपे मार्ग उपलब्ध असतात. प्रवाशापुढील दांडा काढता येण्याजोगा करणे हा एक मार्ग होय. मात्र तो आडव्या खिळीने पक्का अडकला पाहिजे आणि काढल्यावर उरलेल्या खोबणीत वस्तू पडून मार्ग अडणार नाही असे झाकण हवे. झेनिथ कंपनीच्या काही विमानांत दोन आसनांमध्ये एकच वाय आकाराचा दांडा असून दोघांचेही गुडघे मोकळे राहतात. बर्ट रुटान यांच्या व्हॅरीइझी (१९७५) विमानात दांडा उजव्या कडेला नेऊन लहान केलेला आहे. तेथे वैमानिकाचा कोपर आधारावर टेकतो व केवळ मनगट हलते. मात्र ते विमान पहिल्या रेषेपासून त्या दांड्यासाठीच आखलेले होते.