थर एक, चित्रे अनेक

संगणकावरील खेळात मागचे दृश्य स्थिर असते आणि त्यावर माणूस, पक्षी किंवा गाडी यांचे सुटे चित्र सरकत असते. अशा सुट्या चित्राला ‘स्प्राइट’ म्हणतात. हे चित्र थराथरांनी रचले तर श्रम कसे वाचतात आणि चित्रे तयार करणाऱ्या आजच्या संगणक-प्रणाली त्यात कितपत उपयोगी पडतात, हे आपण पाहू.

थरांची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील अर्ल हर्ड यांनी १९१४ साली पारदर्शक सेल्युलॉइडवर हलणारे भाग काढण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. स्थिर भाग पुन्हा पुन्हा काढण्याचे कारण उरले नाही. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगचित्रपट विभाग १९५६ साली सुरू झाला. तेथे डिस्नेच्या स्टुडिओतील क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखे चित्रकार तयार झाले.

बेरीज आणि गुणाकार

समजा, कर्जतजवळच्या भिसेगावातील विद्यार्थ्यांना भातलावणीवर एक खेळ करायचा आहे. त्यांनी शेतकऱ्याचे एक शरीर काढले. त्यावर ४ पोशाख, ५ चेहरे, डोक्यावर ३ गोष्टी (टोपी, मुंडासे, इरले) आणि हातात ३ गोष्टी (रोपांची जुडी, विळा, कुदळ) ठेवायच्या आहेत. काढावी लागणारी चित्रे १ + ४ + ५ + ३ + ३ = १६. त्यांतून मिळणारी रूपे मात्र ४ × ५ × ३ × ३ = १८०. हातात घमेले हा एकच नवा थर वाढवला, की रूपे २४० होतात!

यंत्र चित्र कसे काढते?

प्रणालीला शिकवताना असंख्य चित्रांवर पायरीपायरीने ठिपक्यांचा गोंधळ मिसळतात आणि कोणता भाग गोंधळाचा आहे, हे ओळखायला लावतात. पुढे ती निव्वळ गोंधळापासून सुरुवात करते आणि आपण दिलेल्या शब्दांच्या आधारे तो थोडा थोडा दूर करत चित्रापर्यंत पोहोचते. आरंभीचा गोंधळ दर वेळी वेगळा असल्याने चित्रही वेगळे येते. म्हणून शरीर आणि टोपी स्वतंत्रपणे मागवल्या, तर त्या एकमेकींवर नीट बसत नाहीत.

यावर उपाय आहे. शरीराचे चित्र हाताने काढून पक्के करावे. मग डोक्याभोवतीचा भाग आखून फक्त तेवढाच यंत्राकडून भरून घ्यावा आणि कापून वेगळा थर करावा. असे केल्यास जागा चुकत नाही.

कापताना कडांकडे लक्ष हवे. थरातील प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा या रंगांच्या ३ संख्यांखेरीज अपारदर्शकतेची चौथी संख्या असते. कडेवर ती अर्धी असेल, तर वरच्या व खालच्या रंगांची सरासरी दिसते: वर १००, खाली २०० असल्यास १५०. मूळ चित्र पांढऱ्या कागदावर काढलेले असेल, तर हा पांढरेपणा कडेत आधीच मिसळलेला असतो. तोच थर हिरव्या शेतावर ठेवला, की टोपीभोवती पांढरी किनार दिसते.

चूकही गुणिले जाते

शिकताना जे वारंवार पाहिले, तिकडे यंत्राचा कल असतो. ‘पावसातला शेतकरी’ एवढेच सांगितले, तर त्याच्या हाती छत्री येण्याचा संभव अधिक. पण लावणीला दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणूनच बांबूच्या कामट्या व पाने यांचे, डोक्यापासून पाठ झाकणारे इरले वापरात आले. इरल्याचा थर चुकला, तर १८० पैकी ६० रूपे चुकतात, आणि ज्या मुलाने इरले कधी पाहिले नाही, त्याला तेच खरे वाटते. थरांमुळे श्रम वाचतात, तशी चूकही पसरते.

तेव्हा कामाची वाटणी अशी करावी: वाटेल तशा छटा व पोशाखांचे पर्याय यंत्राकडे, शरीर, अवजारे आणि इरले आपल्याकडे. वर्गात हा प्रयोग संगणकाविनाही करता येतो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदांवर थर काढा, कोपऱ्यात खुणा करून जुळवा आणि रूपे मोजा. इरल्याचे चित्र काढण्यापूर्वी मात्र घरातल्या आजी-आजोबांना विचारून या!